गुत्ता, टोळी आणि मोजमाप



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. दिवसभराचे ऊन उतरल्यावर वसंतातल्या संध्याकाळी माणसाने संतवाङ्मयावर काही ऐकावे, इतिहासातली एखादी स्वारी ऐकावी. आणि हा कामगारांचा माणूस कंत्राटाच्या कागदांवर बोलणार! तक्रार रास्त आहे. तथापि आपण ज्या रस्त्याने इथवर आलात तो रस्ता, ज्या धरणाचे पाणी सकाळी आपल्या घागरीत पडले ते धरण, ज्या शाळेत आपली मुले बसतात ती शाळा, ही सारी कोणत्या ना कोणत्या करारातून जन्माला आलेली आहेत. करार चांगला असेल तर भिंत उभी राहते, वाईट असेल तर पहिल्याच पावसात तिला तडा जातो. म्हणून हा विषय इंजिनियरांवर आणि वकिलांवर सोडून देण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटते.

आमचे शिक्षण म्हणाल तर शाळा लवकर सुटली. पुढले जे काही शिकलो ते हजेरीपट वाचून, मोजमाप पुस्तिका चाळून आणि तालुक्याच्या वाचनालयात बसून. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. आम्ही जे पाहिले आणि वाचले, ते सांगतो.

आरंभ ताज्या गोष्टीने करू. 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, बीडच्या स्थानकावरून अहिल्यानगरला प्रवाशांची पहिली आगगाडी सुटली. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरांचा मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला. बीडपर्यंत गाडी यायला तीस वर्षे लागली. ज्यांनी तिच्यासाठी मोर्चे काढले त्यांतले कित्येक तिची शिट्टी ऐकायला उरले नाहीत. या मार्गाचा खर्च रेल्वेने निम्मा आणि राज्य सरकारने निम्मा सोसावा, असे ठरले होते. म्हणजे हाही भागीदारीचाच एक प्रकार. मग भागीदारी असूनही तीस वर्षे का लागली? कारण खर्चाची वाटणी ठरली, पण उशिराची जबाबदारी कोणाची हे ठरले नाही. एकाचा हप्ता थांबला की दुसऱ्याचे काम थांबे. जमिनीचा प्रश्न अडला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवीत. निम्मे-निम्मे देणे म्हणजे सहकार्य नव्हे, हा पहिला धडा आपल्या जिल्ह्याने फार महाग किमतीत विकत घेतला आहे.

आता करार म्हणजे काय, ते साध्या भाषेत पाहू. कोणत्याही सार्वजनिक कामाच्या करारात तीन प्रश्न असतात. जमिनीत अकस्मात कातळ लागला तर त्याचा भुर्दंड कोणी सोसावा? झालेले काम कोणी मोजावे? आणि काही बचत झाली तर ती कोणाच्या पदरात पडावी? कागद दोनशे पानांचा असो की दोन ओळींचा, मूळ प्रश्न हे तीनच. जिथे तिन्हींची उत्तरे एकाच बाजूने ठरतात तिथे गुत्तेदारी असते. जिथे ती सर्वांनी मिळून ठरवलेली असतात तिथे सहकार्य असते. या कसोटीवर आपल्या जिल्ह्याचा इतिहास घासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

बीड शहराजवळची खजाना विहीर आपण सर्वांनी पाहिली आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या अमदानीत बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली आणि राजा भास्कर नावाच्या कारागिराने ती रचली, असे सांगतात. जमिनीखालून आणलेले बोगदे, उताराच्या बळावर शेतांपर्यंत पोचणारे पाणी, अशी ती करामत आहे. दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या तरी खजान्याचे पाणी हटत नाही, अशी तिची ख्याती. पैसा देणाराचे नाव राहिले, रचना करणाराचेही राहिले. हेही नसे थोडके. पण त्या अंधाऱ्या बोगद्यांत टिकाव चालवणाऱ्या माणसांना काय मिळाले, किती मिळाले, कोणत्या मापाने मिळाले, याविषयी एक अक्षर आमच्या वाचनात आले नाही. विहिरीचे पाणी साडेचारशे वर्षे टिकले, खोदणाराचा हिशेब मात्र तेव्हाच बुजला.

याच्या जोडीला दुसरी रीत होती ती गावाची. गाव करील ते राव काय करील, ही म्हण उगाच पडलेली नाही. खानदेशात पांझरा आणि मोसम या नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे शतकानुशतके चालले. तिथे पाटाची साफसफाई, पाण्याची पाळी आणि पिकाची निवड गावकरी मिळून ठरवीत आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला सर्वांच्या पिकातून वाटा मिळे. तिथे कातळाचा भुर्दंड सर्वांचा, माप सर्वांच्या डोळ्यांदेखत आणि लाभही सर्वांचा. ही रीत फार मोठी धरणे बांधू शकली नाही, आणि तिच्यात जातीची उतरंड होती, हे आम्ही विसरत नाही. तरीही ज्याचे काम त्याच्यासमोर माप, एवढी गोष्ट तिला कळलेली होती.

पुढे आपला भाग हैदराबाद संस्थानात राहिला. पुण्याकडचा माणूस कंत्राटदार म्हणतो, खानदेशी माणूस ठेकेदार म्हणतो, आपण मराठवाड्याचे लोक मात्र आजही गुत्तेदार म्हणतो. हा शब्द निजामी राजवटीची ठेव आहे. आबकारीचा गुत्ता लिलावात निघे. सरकारला ठरलेली रक्कम मिळाली की काम संपले. खाली गुत्तेदार कोणाकडून काय वसूल करतो, याची चौकशी सरकारने करायची नाही, हा गुत्त्याचा आत्मा. 1948 साली संस्थान मुक्त झाले, 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. राज्ये तीन बदलली. पण शब्द टिकला, आणि शब्दाबरोबर वृत्तीही टिकली. सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्याला काम द्यावे आणि मग वर्षभर त्याच्याशी भांडत बसावे, हा सार्वजनिक कामांचा राजमार्ग होऊन बसला.

गुत्तेदाराच्या खाली टोळी. मातीकाम करणारे वडार बांधव आणि त्यांच्यासारखे दुसरे कष्टकरी टोळीने काम घेत. रोजाने नव्हे, मापाने. त्यांच्या कामाची एक खूण आम्हांस फार बोलकी वाटते. भरावासाठी माती काढताना खड्ड्यात अधूनमधून मातीचा एकेक खुंट न खणता उभा ठेवतात. खुंटाच्या माथ्यावर मूळ जमिनीचे गवत तसेच असते. मोजणीच्या दिवशी खुंटाच्या उंचीवरून खड्ड्याची खोली काढायची आणि त्यावरून मजुरी ठरवायची. सही नको, शिक्का नको. जमीन स्वतःच साक्षीला उभी. आमच्या मते त्या कामावरचा सर्वांत प्रामाणिक कागद तोच.

आता 1972 चा दुष्काळ. आम्ही त्या वेळी पाच वर्षांचे होतो. आमची आई खडी फोडी आणि आम्ही बाभळीच्या सावलीत धाकट्या भावंडाला सांभाळीत असू. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी, या दोन चवी जिभेवरून अजून गेलेल्या नाहीत. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लक्ष माणसे होती. जगाच्या इतिहासात इतक्या लोकांना एका वेळी सरकारी कामावर घेतल्याची उदाहरणे थोडी. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, जे हाताशी आले ते काम निघाले.

त्या दुष्काळाने एक मोठी गोष्ट दिली. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, ती रोजगार हमीची कल्पना राज्याचा कायदा झाली. 1977 चा तो कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम देता आले नाही तर भत्ता, हे वचन सरकारने कायद्याने दिले. भत्ता दिवसाला निदान एक रुपया, म्हणजे नाममात्रच. परंतु सरकारने मजुराशी थेट करार केला आणि मधला गुत्तेदार वगळला, ही त्यातली खरी क्रांती. शहरातल्या नोकरदाराने व्यवसायकर भरावा, तेवढीच भर सरकारने घालावी आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळावे, अशी ती योजना. याहून मोठा सामुदायिक करार या राज्याने क्वचितच केला असेल.

पण गुत्तेदार गेला म्हणून गुत्ता गेला काय? इथे आमच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती आम्हांस भूषणावह नाही.

1980 नंतरच्या दशकाची अखेर होती. बालाघाटाच्या डोंगराळ भागात एका पाझर तलावाचे काम चालू होते. एका टोळीला तीन आठवड्यांची मजुरी फार कमी मिळाली. टोळी आमच्याकडे आली. आम्ही तरुण होतो, रक्त गरम होते. दुसऱ्याच दिवशी मोर्चा नेला, घोषणा दिल्या, फेरमोजणीची मागणी केली. फेरमोजणी मान्य झाली. ओव्हरसियर खड्ड्यात उतरला, आम्हीही उतरलो. त्याने काही न बोलता खुंटाच्या माथ्यावरचे गवत बोटाने उचलून दाखवले. गवत मुळासकट हाती आले. खाली वीतभर भुसभुशीत माती रचलेली होती. आमच्या लोकांनी खुंट उंच केले होते.

आम्हांस त्या क्षणी जमीन पोटात घेईल तर बरे असे झाले. तेवढ्यात टोळीतली एक म्हातारी पुढे आली आणि ओव्हरसियरला म्हणाली, "मागल्या खेपेला तुमी खुटाकडं बघितलं बी न्हाई, साहेब. बसल्या जागी आकडा लिवला. मंग या खेपेला आमी खुटच उंच केला."

ओव्हरसियरने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे कामे पुष्कळ आणि दिवस थोडे. त्या खड्ड्यात उभ्या उभ्या जे ठरले त्याला कोणी करार म्हणाले नाही, पण आमच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला करार. दर शनिवारी मोजणी व्हायची. टेपचे एक टोक ओव्हरसियरच्या हाती, दुसरे टोक टोळीतल्या एका बाईच्या हाती. आकडा मोठ्याने वाचायचा, मग लिहायचा. माती किती दूर नेली, किती उंच चढवली, तेही तिथेच बोलायचे. कातळ लागला तर त्याच दिवशी कळवायचे, म्हणजे दर बदलता येतो. त्या हंगामात पुन्हा मोर्चा काढावा लागला नाही. खुंट उंच करायचे कोणाला कारणच उरले नाही. ज्या अविश्वासापायी दोन्हीकडून चोरी होत होती, तो शनिवारच्या अर्ध्या तासात विरून गेला.

ही युक्ती आम्हीच शोधून काढली, असा अभिमान त्या वेळी वाटला होता. पुढे वाचनालयात बसल्यावर तो उतरला. इटलीत राव्हेन्ना या गावी 1883 साली हातावर पोट असणाऱ्या भूमिहीन मजुरांनी आपली सहकारी संस्था काढली. रोमजवळ ओस्तियाच्या दलदलीचे पाणी काढण्याचे काम 1884 साली त्यांनी घेतले, तेही प्रथम मधल्या कंत्राटदाराच्या हाताखाली. हिवतापाने त्यांतले कित्येक मेले, पण दलदल हटली आणि शेती उभी राहिली. 1889 साली इटलीच्या सरकारने कायदा करून एक लाख लिरांपर्यंतची सार्वजनिक कामे अशा मजूर संस्थांना निविदेवाचून देण्याची वाट मोकळी केली. न्यूझीलंडमध्ये रिचर्ड सेडन यांनी 1891 साली रस्ते आणि रेल्वेच्या कामांतून मधला कंत्राटदार काढून टाकला. सरकारी इंजिनियरने कामाचा वाजवी दर ठरवावा, मजुरांच्या लहान टोळीने ते काम एकत्र घ्यावे आणि मिळकत आपसांत वाटून घ्यावी, अशी ती पद्धत.

आपल्याकडेही तोच विचार आला. मजूर सहकारी संस्था निघाल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांचे संघ झाले, त्यांना बयाणा रकमेत सवलती मिळाल्या. लहान कामांतली शंभरातली तेहेतीस मजूर संस्थांना, तेहेतीस बेकार अभियंत्यांना आणि चौतीस खुल्या निविदेला, ही वाटणी महाराष्ट्रात अनेक वर्षे चालली. कागदावर पाहिले तर राव्हेन्नाचे स्वप्न बीडमध्ये उतरले.

प्रत्यक्षात काय झाले, ते पुन्हा आमच्याच तोंडून ऐका. आम्हीही अशा एका संस्थेच्या स्थापनेत होतो. तिचे नाव इथे घेत नाही. दोष नावाचा नव्हे. पहिली दोन कामे सभासदांनी स्वतः केली, रस्ता चांगला झाला, चार पैसे सर्वांना मिळाले. तिसऱ्या कामाला पैसा अडला. बिल उशिरा निघे आणि मजुराच्या चुलीला उशीर चालत नाही. तेव्हा एक गुत्तेदार भेटला. म्हणाला, काम तुमच्या नावावर राहू द्या, यंत्रे माझी, पैसा माझा, तुम्हांला टक्केवारी. सभेच्या वृत्तांतावर सह्या झाल्या. त्यांत एक सही आमची आहे. हजेरीपटावर सभासदांची नावे चढली आणि माती यंत्राने उपसली. वर्षभराने संस्थेची एक विधवा सभासद आमच्या दारी आली आणि तिने विचारले, "आमच्या नावावर रस्ता झाला म्हणत्यात. मंग आमी कुठं होतो?"

ती त्या हंगामात कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेली होती, हे आम्हांस ठाऊक होते. गावाजवळ तिच्या हक्काचे काम तिच्याच नावाने निघाले. आणि ती उचल फेडण्यासाठी मुकादमाच्या मागे परमुलखात पाचटावर निजत होती. आम्ही दुसऱ्या दिवशी संस्थेतून बाहेर पडलो. पण बाहेर पडल्याने सही पुसली जात नाही. आज हे व्यासपीठावरून सांगतो आहोत ते त्या सहीचे थोडेसे व्याज म्हणून.

ऊसतोडीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट लक्षात आणून देतो. न्यूझीलंडची टोळी आणि आपली ऊसतोडीची टोळी, बाहेरून दोन्ही सारख्याच. दहा-वीस माणसे, मापाचे काम, एक पुढारी. एक टोळी माणसाला ताठ उभी करते, दुसरी वाकवते. फरक एवढाच की एकीत दर आधी जाहीर होतो आणि हिशेब सर्वांना दिसतो. दुसरीत उचल आधी मिळते, वजनकाटा दूर असतो आणि वही मुकादमाच्या खिशात असते.

आता श्रीमंत देशांतही वारे फिरले आहे. ब्रिटनमध्ये 1994 साली सर मायकेल लॅथम यांनी बांधकाम व्यवसायाची पाहणी करून सांगितले की मालक, अभियंता आणि कंत्राटदार यांनी कोर्टकचेऱ्या सोडून एका संघासारखे काम करावे. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या कामांत आणि पुढे ऑस्ट्रेलियात युतीचे करार निघाले. 2001 साली उघडलेले कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालय अशाच करारातून उभे राहिले. या करारात खर्चाचे उद्दिष्ट मिळून ठरवतात, हिशेबाची वही सर्वांना उघडी असते, बचत झाली तर सर्वांची, तोटा आला तर तोही सर्वांचा. अडचण लपवण्यापेक्षा सांगण्यात फायदा असतो, म्हणून अडचण लवकर कळते. बालाघाटातल्या आमच्या शनिवारची ही थोरली बहीणच म्हणायची.

परंतु तिच्यात एक उणीव आहे. त्या मेजाभोवती मालक बसतो, अभियंता बसतो, कंत्राटदार बसतो. टिकाव चालवणाऱ्याची खुर्ची तिथे सहसा नसते. आपल्याकडे उद्या अशी पद्धत आली तर ती चौथी खुर्ची आधी मांडावी लागेल. नाही तर तीन जणांचे सहकार्य चौथ्याच्या पोटावर उभे राहील. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने कंत्राटदाराला मनाई केली आणि ग्रामसभेपुढे सामाजिक अंकेक्षण ठेवले, तेव्हा ही खुर्ची कायद्यात प्रथमच ठळकपणे मांडली गेली. ती किती गावांत खरोखर भरली, हे आपणच आपल्या गावाला विचारावे.

कोणी म्हणेल, आता यंत्रे आली, मजूर राहिलेच किती? खरे आहे. माजलगावचे धरण बांधताना जितके हात लागले तितके आज लागणार नाहीत. पण यंत्रावर बसणारा चालक आणि सळया वाकवणारा परप्रांतीय मुलगा हीही माणसेच आहेत. आणि ज्याच्या दारावरून रस्ता जातो तो गावकरी तर कायमच आहे. खडी किती ब्रास पडली, डांबराचा थर किती जाड बसला, हे मोजायला पदवी लागत नाही. मोजणीला बोलावणे मात्र लागते.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक सार्वजनिक कामाची मोजणी काम करणारांच्या आणि गावाच्या समक्ष व्हावी. आकडे त्याच दिवशी फळ्यावर लागावेत. अवचित अडचणीचा खर्च कोणी किती सोसायचा हे आधी ठरावे, आणि बचतीतला वाटा शेवटच्या हातापर्यंत पोचावा. सहकार हा शब्द संस्थेच्या पाटीवर लिहिणे सोपे आहे. आम्ही स्वतः तो लिहिला आणि स्वतःच्याच सहीने खोटा पाडला. तो खरा आहे की नाही हे पाहायचे तर पाटी वाचू नये. मोजणीच्या दिवशी कामावर जावे आणि टेपचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे, तेवढे पाहावे.